पुलाच्या अलीकडे

मी, खाली अंगठा उमटवणारी, फुटबॉलच्या सामन्याला माणसे नेणाऱ्या बसच्या चालकाची विधवा, एका मुलाची व एका मुलीची आई, असे सांगते की माझे कान शाबूत आहेत, डोके ठिकाणावर आहे आणि जिभेबद्दल तर कोणाचीच तक्रार नाही, म्हणजे ती नसण्याबद्दलची. गुडघे गेले आहेत. पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाई म्हणाल्या. मला लिहितावाचता येत नाही. मी बोलते आहे, वकीलबाई लिहीत आहेत. प्रत्येक कलम त्या मला दोनदा वाचून दाखवतील. एकदा माझ्यासाठी आणि एकदा माझ्या मुलासाठी, म्हणजे "आईला काय कळतंय" असे त्याला मागाहून म्हणता येणार नाही. याआधी मी कोणताही कागद केलेला नाही. कोणी पुढे केलाच, तर तो खोटा समजावा.

असे का म्हणते ते लिहून ठेवा. माझा थोरला आता आपल्या फुटबॉल क्लबचा मुख्य व्यवस्थापक आहे. गेल्या महिन्यात तो टाय लावून आईच्या घरी आला आणि म्हणाला, "आई, खालची शेड क्लबला देऊन टाकू. तिथं क्लबची एसी बस उभी राहील. तू फक्त इथं अंगठा दे, बाकी मी बघतो." त्याने अंगठा मागितला, मी दाखवला. तो चहा न घेता तणतणत गेला. त्याचाही चहा मीच प्यायले.

कलम पहिले. राहत्या घराखालची शेड, तिचे पत्रे, तिचे कुरकुरणारे दार, बसच्या पोटाखाली जाऊन काम करायचा खड्डा आणि त्या शेडमध्ये उभी असलेली जुनी बस, हे सगळे माझ्या धाकटीचे, म्हणजे मुलीचे. बापामागे बस तीच चालवते. शेड गेली तर बस उघड्यावर येईल, उघड्यावर आली की भंगारात जाईल, आणि मग आमच्या वसाहतीतल्या माणसांना सामना बघायचा तर क्लबच्या एसी बसमधून जावे लागेल. तिचे भाडे सामन्याच्या तिकिटाला लाजवते. म्हणून धाकटीने शेड विकू नये, गहाण टाकू नये, आणि भावाच्या गोड बोलण्याला भुलून "तात्पुरती" तर मुळीच देऊ नये.

तात्पुरते म्हणजे काय ते मी पाहिले आहे. आमची बस पूर्वी थेट मैदानाच्या फाटकाला लागायची. थोरल्याच्या हाती कारभार आला आणि त्याने ती जागा सभासदांच्या मोटारींना तात्पुरती दिली. आमची बस गेली रंगाच्या कारखान्यामागच्या माळावर. तिथून फाटकापर्यंत चालत जायचे म्हणजे आमच्या शेजारच्या शिवणवाल्या मावशी म्हणतात तसे, "पहिला गोल होतो तेव्हा मी कुंपणाशी, दुसरा होतो तेव्हा रांगेत." सभासदांच्या मोटारी अजून तिथेच आहेत.

कलम दुसरे, हत्यारे. जॅक, पाने, हातोड्या, हवा भरायचा पंप, सगळे चाळणीला. हा आपल्या क्लबचा जुना गोलरक्षक. चाळणी हे नाव त्याला का पडले ते वकिली भाषेत सांगायची गरज नाही. सामन्याच्या सकाळी तो अजून येऊन टायर तपासतो. मोठा पाना त्याने केव्हाच नेला आहे. तो माझ्या पश्चात त्याचा होईल. तोवर आणून द्यावा.

कलम तिसरे. वकीलबाई म्हणतात, हे मालमत्तेत बसत नाही. न बसेना, लिहा.

आमच्या यजमानांनी बसमध्ये एक नियम घातला होता. सामना हरलो की परतताना वाटेतल्या पुलाच्या अलीकडे कोणी ब्र काढायचा नाही. रागाच्या भरात बसमध्ये मारामाऱ्या होत, म्हणून. चाके पुलापलीकडे उतरली की ते हॉर्न वाजवत आणि मग एकच कल्लोळ.

वसाहतीतला न्हावी म्हणायचा, "कोच कशाला बदलता? कोच बदलवणारे बदला!"

"तुझ्या वस्तऱ्याखाली येतात ना सगळे?" मावशी म्हणायच्या. "मग एक मान तरी हलू दे."

"मावशी, मी गरीब माणूस, मला तुरुंगात घालायला निघालात!"

मी मागच्या बाकावर बसून दोघांनाही चढवून द्यायची. हरलेल्या सामन्याचे तेवढेच सुख.

माळावर बस पाठवल्यावर यजमान मुलाला म्हणाले, "एकदा बसमधून ये. माणसं कुठून कुठं चालतात ते बघ." तो आला. त्या दिवशी माझा गुडघा सुजला होता, मी घरी होते. बापाने लेकाला शेजारी, पुढच्या सीटवर बसवले. भर उन्हात सगळे माळावरून चालत गेले, चार गोल खाल्ले, चालत परत आले. बस निघाली. हरलेला सामना, त्यामुळे कोणी बोलेना. पुलाच्या जरा अलीकडे यजमानांनी बस नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केले आणि स्टिअरिंगवर डोके टेकले.

आणि कोणी काही बोलले नाही. पूल आला नव्हता ना. सगळ्यांना वाटले, हार जिव्हारी लागली, म्हातारा बसलाय कुढत. भरलेली बस, मागून मोटारी हॉर्न देताहेत, आणि आत माणसे शहाण्यासारखी गप्प. शेवटी चाळणी उठला आणि त्याने खांद्याला हात लावला. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवे होते.

बाकीच्यांवर माझा राग नाही. ते मागे होते, त्यांना पाठ दिसत होती. थोरला शेजारी होता. बापाचा शर्ट घामाने भिजलेला त्याला दिसला होता. दवाखान्याच्या जिन्यात रडत रडत तोच मला म्हणाला, "आई, मला वाटलं बाबा माझ्यावर चिडलेत. पूल ओलांडला की सगळे मिळून मला धुणार होते. बस थांबली तेव्हा बरंच वाटलं मला."

बरे वाटले. हे शब्द मी विसरलेले नाही आणि त्याबद्दल त्याला माफही केलेले नाही. मृत्युपत्रात माफी घालावीच लागते का, असे मी विचारले. नाही, वकीलबाई म्हणाल्या. मग राहू द्या.

कलम चौथे. बँकेत जे काही असेल त्यातून मला पोचवण्याचा खर्च करावा, साधा. उरेल त्याचे बसला टायर घ्यावेत. क्लबने माझ्या नावाने एक मिनिट शांतता पाळू नये. शांतता आमच्या घरात पुरेशी पाळून झाली आहे. मला न्यायचे ते याच बसमधून, फाटकावरून, आणि सभासदांना मोटारी काढाव्या लागल्या तर काढू देत.

कलम पाचवे. वरच्या दोन खोल्या थोरल्याच्या. उघड्यावर पडू नये, शेवटी पोटचा आहे. मात्र अट अशी: आपल्या मैदानावर सामना असेल त्या प्रत्येक दिवशी त्याने धाकटीच्या बसमधून जावे आणि यावे, पुढच्या सीटवर बसून, टाय न लावता. सलग दोन सामने चुकवले तर खोल्या धाकटीच्या. आला की नाही हे मावशींनी सांगावे. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

पुलाच्या अलीकडे गप्प बसण्याचा नियम आजपासून रद्द. ज्यांनी घातला त्यांना तोच भोवला. परतताना, हरलो असू वा जिंकलो, पुलाच्या अलीकडे थोरल्याने बहिणीकडे तोंड करून, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे विचारावे, "बरं आहे ना गं?"

आणि उत्तर येईपर्यंत तिच्याकडे बघत राहावे.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. पहिल्या वेळी मी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, दुसऱ्या वेळी एकही नाही. या कागदाप्रमाणे सगळे घडवून आणण्याचे काम वकीलबाईंनी करावे. त्यांना व्यवस्थापक म्हणू नये, त्या चांगल्या बाई आहेत.

डाव्या हाताचा अंगठा: (उमटवला)

साक्षीदार पहिला: क्लबचा माजी गोलरक्षक, सही केली. पाना आणलेला नाही.

साक्षीदार दुसरी: शिवणकाम करणारी शेजारीण, सही केली.

लिहून घेणार: वकीलबाई

ठिकाण: बसची शेड, पुढची सीट

तारीख: मोसमातल्या शेवटच्या सामन्याची सकाळ, बस सुटण्याआधी