गठ्ठ्यातला पुढचा प्रोग्रॅम

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, मेनफ्रेमवर प्रोग्रॅम लिहून निवृत्त झालेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. 'शुद्धीत' या शब्दाला माझ्या मुलाची हरकत आहे. येत्या शुक्रवारी मी लग्न करणार म्हटल्यापासून त्याच्या मते मला वेड लागलंय. लागलंय, बरं का! पण सही सरळ येते, वकीलबाईंनी करवून पाहिली. "आधी मृत्युपत्र कर, मग काय तो धिंगाणा घाल," असं चिरंजीव म्हणाले. हे घ्या.

१. आधी सर्वांना लागू असलेलं सांगते, आमच्या कामाची तीच रीत. अनेक प्रोग्रॅम एका गठ्ठ्यात कंपाइल करताना, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवताना, सुरुवातीला दिलेले ऑप्शन, म्हणजे सूचना, सगळ्यांना लागतात. एखाद्याच्या डोक्यावर लिहिलेले त्याच्यापुरतेच. तो संपला की पुढचा पुन्हा मूळ ऑप्शनांवर. तर सगळ्या गठ्ठ्याला: माझ्यामागे भांडायचं नाही.

२. घर मुलगी आणि मुलगा यांना निम्मं-निम्मं. मुलाच्या डोक्यावर जादा ऑप्शन: ताईला विचारल्याशिवाय काहीही करू नये. मागे त्याने न विचारता भिंतीत खिळा ठोकला, तो थेट नळाच्या पाइपात. सगळं घर न्हाऊन निघालं.

३. शिवणयंत्र नणंदेला. तिने ते 'दोन दिवसांसाठी' नेलं त्याला युगं लोटली. आता तिने पडदे ओढून शिवायची गरज नाही.

४. या घरात आयुष्यभर राहण्याचा हक्क टेपवाल्यांना, म्हणजे नवरदेवांना. ते मशीनरूममध्ये टेप चढवायचे. आमचे हे गेल्यानंतरची गोष्ट. तिसऱ्या प्रोग्रॅमला दिलेला ऑप्शन चौथ्यालाही चिकटणार, अशी त्यांनी पैज लावली आणि हरले. चहा पाजला. पुढे हरतच राहिले. मुद्दाम हरत होते, हे मला गेल्या वर्षी कळलं! मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते.

मुलगा म्हणतो, "अगं, तू बाबांची बायको आहेस." अरे राजा, त्या प्रोग्रॅमवर लिहिलेलं मी शेवटच्या ओळीपर्यंत पाळलं. तो संपला तेव्हा किती रडले, ते तू पाहिलंस. आता पुढचा मूळ ऑप्शनांवर सुरू होतोय, आणि माझ्या मुळात हसणंच होतं. तुम्ही दोघं भावंडं तर सगळ्या गठ्ठ्याला लागू आहात. तुम्हाला कोण पुसणार?

कलम ४ रद्द. वकीलबाई आत्ताच म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही हं." शेजारी बसलेल्या टेपवाल्यांनी लगेच पेन उचललं. "मग साक्षीदार मीच."

"अहो, वेड लागलंय का?"

"तुमचंच लागलं, बाई. पोरांना वाटायला नको, मी घरासाठी आलो."

डोळे पुसून लिहिते आहे.

५. लग्नाच्या नोंदणीला तीन साक्षीदार लागतात; एक शेजारचे शिंपीदादा. उरलेल्या दोघांसाठी मी अजून कोणालाच विचारलेलं नाही. शुक्रवारी, अकरा वाजता. पोरांनो, तुम्ही नसाल तरी मी लग्न करीन, पण तोंड एवढंसं करून करीन.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर. बुधवार, लग्नाला दोन दिवस.

सही: आई (वकीलबाईंसाठी पूर्ण सही शेजारी)
साक्षीदार: १. टेपवाले २. शेजारचे शिंपीदादा

(खाली पेन्सिलीने, मुलाच्या अक्षरात)
शुक्रवारी दोन्ही साक्षीदार हजर राहतील. ताईला विचारून लिहितोय.