दुसऱ्या दिवसाचा सण

१ जानेवारी १९७४. पहाटे, भोंग्याच्या आधी.
नवी वही. मिलच्या स्टोअरमधून मिळाली, म्हणजे खर्च नाही. रोज लिहिणार.

वय छप्पन्न. छातीत डावीकडे मधूनमधून टोचते. वडील साठीच्या आत मागापाशीच गेले. ते पडले होते आणि माग चालू होता, असे बघणारे सांगतात. म्हणून ठराव : येत्या दिवाळीच्या आत रिटायर. बाकीचे साठपर्यंत ओढतात. मी ओढणार नाही. फंड मिळेल, पण वर शिल्लक पाहिजे. शिल्लक होत नाही याचे कारण शोधून काढले. आमचे घर सणांनी खाल्ले आहे. एक संपला की दुसरा दारात उभा.

सण बंद केले तर मथुरा ऐकणार नाही. म्हणून युक्ती काढली. प्रत्येक सण एक दिवस उशिरा करायचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडू कोण विचारतो? गाईसुद्धा तोंड लावत नाहीत. सण तोच, देव तोच, भाव निम्मा. शिवाय करंजी दुसऱ्या दिवशीच मुरते, हे सगळ्यांना माहीत आहे.

सातवीत दोनदा राहिलो. पण असले डोके मास्तरलाही नव्हते.

२ जानेवारी.
मथुराला प्लॅन सांगितला. रिटायर झालो की सगळे सण ज्या त्या दिवशी, लेक-जावयासकट, थाटात करायचे, असा शब्द दिला. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. पटले का विचारले, तर म्हणाली, गेल्या दिवाळीला बी असंच म्हणला हुता. यशोदेचा पयला दिवाळसण, आन जावयाला पुढच्या वर्साला बोलवू म्हणला. मी म्हटले, तेच तर, हेच ते पुढचे वर्ष. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

१४ जानेवारी. संक्रांत. रात्री.
यशोदा बार्शीहून आली आहे. लग्नानंतरची पहिली संक्रांत. काळे लुगडे, हलव्याचे दागिने वगैरे सर्व उद्या करू म्हणून सांगितले.

मला मात्र आज चाळीतल्याच संगप्पा जॉबरकडे, म्हणजे आमच्या खात्याच्या मुकादमाकडे, जेवायला जावे लागले. माझा इलाज नाही. मी टाइमकीपर, खात्याची हजेरी माझ्या हातात. नाही म्हटले तर माणसे मनाला लावून घेतात. शेंगापोळ्या होत्या. तूप वरून धारेने. हा खर्च नव्हे, एका जेवणाची बचतच आहे.

घरी आलो तर मथुरा माझ्या मिशीकडे बघत होती. पुसून घेतली. मायलेकींनी पिठले-भाकरी खाल्ली होती. उद्याची भूक चांगली लागेल.

१५ जानेवारी.
दागिने फारच स्वस्तात मिळाले. दुकानदार गोळाच करत होता. मुकुटाची एक पाकळी तुटकी, पण ती डोक्याच्या मागच्या बाजूला येते.

सकाळी मथुरा म्हणाली होती की आज कर आहे, करीच्या दिवशी कोणी चांगलं करत नाही, रथसप्तमीपर्यंत सगळे दिवस मोकळे आहेत, त्यातला कुठलाही घ्या. मला वाटले, खर्च लांबवून वाढवायची सबब. सगळ्या चाळीला हळदीकुंकवाचे सांगून आलो.

कोणी आले नाही. यशोदा दिवेलागणीपर्यंत पाटावर नटून बसली होती. मग तिला मुंग्या लागल्या. संगप्पाची बायको मल्लव्वा तेवढी दारापर्यंत आली, तोंडाला पदर लावून म्हणाली, अव्वा, करीच्या दिवशी लेकीला नटवलंय की, आन उंबऱ्यातूनच परत गेली. मथुराचे डोळे लाल होते. तीळ भाजताना धूर होतो.

दागिने वाया घालवले नाहीत. मुंग्या झटकून चहात टाकले. रेशनची साखर वाचली.

३ फेब्रुवारी. रविवार.
मथुराला गड्ड्याची जत्रा दाखवली. शेवटी शेवटी गेले की गर्दी नसते. मोठा पाळणा खोलत होते. निम्म्या पेट्या जमिनीवर होत्या, त्यातल्या एकीत तिला बसवले. माणूस पैसे मागत नव्हता. ती म्हणाली, हलत न्हाई की. मी म्हटले, चक्कर येत नाही हा फायदा.

मी स्वतः ऐन जत्रेत तीनदा जाऊन आलो होतो. भाव समजून घेण्यासाठी. भजी खाल्ली, पण भजी सणात मोडत नाहीत.

२५ मार्च.
काल पाडवा, म्हणून आज गुढी उभारली. साखरेच्या गाठी जवळजवळ फुकट. कडुलिंब तर काय, झाडालाच असतो. पलीकडच्या सोजरबाईंनी मथुराला विचारले, काल सुतक हुतं व्हय? मथुरा म्हणाली, व्हय, आमच्यात हाय, बारा म्हयने. असे खोटे बोलायची गरज नव्हती.

काल संगप्पाकडे पुरणपोळी चांगली झाली होती. कटाची आमटी जरा तिखट.

२० ऑगस्ट.
महागाई काय कमी होती? सरकार भाव वाढवते, देवाने महिनाच वाढवला. अधिक भाद्रपद. धोंड्याचा महिना. जावयाला जेवायला बोलवा, तेहतीस अनारसे द्या, कपडे करा, दिवा द्या.

मथुरा म्हणते, दिवाळसण तर झालाच न्हाई, धोंडा तरी येळेवर करा. पयला जावई, एकुलती लेक. एवढे बोलली. पंधरा दिवसांत एवढे बोलली नव्हती.

करणार. नाही कोण म्हणतो? महिना सोळा सप्टेंबरला संपतो. सतराला बोलावतो. महिनाभर ज्या अनारशांना हात लावू देत नाहीत, ते त्या दिवशी मागे लागून देतात. मथुरा म्हणाली, म्हयना सरला की तो धोंडा ऱ्हात न्हाई, नुसते अनारसे ऱ्हात्यात. मी म्हटले, मालाला महिना कळतो काय?

१७ सप्टेंबर. रात्री. छातीत टोचते.
जावई नंदू आला, यशोदा आली, आणि न बोलावता व्याही आले. पाट मांडले. अनारशांचे ताट पुढे ठेवले. व्याह्यांनी ताटाकडे पाहिले आणि सावकाश विचारले, आप्पा, आज महिना कुठला? मी म्हटले, भाद्रपद. ते म्हणाले, अधिक का निज? मी म्हटले, कालपर्यंत अधिकच होता. एका दिवसाने काय होते?

तेव्हा उठले. म्हणाले, माझं पोरगं काय बाजार उठल्यावरचा माल हाय व्हय? सुनेला संक्रांतीला करीच्या दिवशी बसवली, तवाच आमी गप बसलो, ते चुकलं. आता दिवाळीला सून ह्या घरात पाऊल टाकणार न्हाई.

नंदू उठला. यशोदा उठली. ती माझ्या पाया पडली नाही, घाईत राहिले असेल. मथुरा अनारसे फडक्यात बांधून टांग्यापर्यंत पळत गेली. व्याह्यांनी फडके घेतले आणि घोड्यापुढे सोडले.

घोड्याने सगळे खाल्ले. म्हणजे माल चांगला होता.

१८ सप्टेंबर.
 मथुराने सकाळी विचारले, दिवाळीला यशोदा ईल का हो? मी म्हटले, आणणार म्हणजे आणणार. ठराव : रिटायर झाल्यावरची पहिली दिवाळी, त्याच दिवशी, पूर्ण भावात. व्याही बघतच राहतील.

मथुराला हे सांगितले नाही. सांगितले तर ती यादी वाढवील.

२६ ऑक्टोबर. दसऱ्याचा दुसरा दिवस.
खात्यात माझा निरोपसमारंभ. कामाचा शेवट एकतीसला, पण लोकांनी आजच ठेवला. संगप्पा बोलला. म्हणाला, आमचे टाइमकीपर लई शिस्तीचे. आमी बी त्यांचीच शिस्त पाळलीय. हार बारा नंबरच्या मागावरचा हाय, कालच्या पूजेचा. सगळे हसले. टाळ्या फार वाजल्या. मीही वाजवल्या. माझी पद्धत लोकांना पटायला लागली आहे.

हाराला कापसाचे तूस चिकटले होते, शिंका आल्या. माझ्या जागी श्रीमंत येतो आहे, आमच्याच चाळीतला, तिसऱ्या दारातला. त्यालाही हार घातला. तो ताजा होता. नजरचुकीने आणला असेल.

१ नोव्हेंबर. रिटायर. दिवस पहिला.
भोंगा झाला तसा उठून सदरा घातला. मग काढला. मग पुन्हा घातला, थंडी होती. खात्यात आज कोण कोण उशिरा आले असेल? श्रीमंतला जमणार नाही.

५ नोव्हेंबर.
बाजार केला. भाव केला नाही. जीभ दोनदा वळवळली, दाताखाली धरली. उटणे, सुवासिक तेल, आकाशकंदील, जावयाला धोतरजोडी, मथुराला इरकली लुगडे, यशोदेलाही. सगळे माळ्यावर गोणपाटाखाली लपवले. बाराला मी स्वतः बार्शीला जाऊन यशोदेला आणि जावयाला घेऊन येणार. आधी कळवले तर व्याही अटी घालतील. मथुरा दार उघडील आणि लेक समोर! तिचे तोंड कसे होईल, हे रोज झोपताना बघतो.

११ नोव्हेंबर. दुपार.
सकाळी मथुरा बोचके बांधून उभी. म्हणाली, बार्शीला निघाले. तिचा बार्शीतलाच भाऊ रामहरी त्याच्या घरी यशोदेचा दिवाळसण करतो आहे. व्याही कबूल झाले आहेत. त्यांची अट एकच होती. कोणती, ते मी विचारले. ती म्हणाली, तुमी.

बोचके उचलून स्टँडपर्यंत गेलो. जड होते. ती खिडकीपाशी बसली. मी खालून सांगितले की यंदा मी त्याच दिवशी करणार होतो. लुगडे आणले आहे. इरकली. माळ्यावर आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. यशोदेच्या लग्नानंतर तिला हसताना पाहिले नव्हते. हसू थांबेना. शेजारच्या बाईने विचारले, काय झालं वो मावशी? तिने सांगितले. संक्रांतीपासून सगळे सांगितले. ती बाई हसली, तिच्या मागच्या दोघी हसल्या. घोडा ऐकून तर कंडक्टरला तिकीट फाडता येईना.

मग डोळे पुसून मला म्हणाली, तुमी असं करा. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिशी या. एस.टी.ला गर्दी नसती. फराळ बी उरल्याला असतो, मुरल्याला.

घंटी झाली, गाडी गेली. यायचा दिवस तिने स्वतः सांगितला आहे. म्हणजे वाट बघणार.

१३ नोव्हेंबर. दिवाळी. पहाटे.
त्याच दिवशी करतो आहे. पाणी तापवले. उटणे लावले, पाठीला हात पोचत नाही, तेवढी राहिली. ओवाळायला निरांजन शोधले. सापडले नाही. कुंकवाचा करंडा नाही. तिची दोन्ही चांगली लुगडी नाहीत, हिवाळ्याची वाकळ नाही. चार दिवसांच्या सणाला वाकळ? घाईत भरले गेले असेल.

संध्याकाळी.
कंदील लावला. चाळीत सगळ्यांत मोठा. दाराशी पाट टाकून बसलो. संगप्पा झाकलेले ताट घेऊन येताना दिसला. मी उठलो, दुसरा पाट पुसला. म्हणाला, नमस्कार आप्पा, बसा बसा. आणि पुढे गेला. श्रीमंतच्या दारात. त्याच्यामागून आणखी ताटे गेली. सगळ्यांवर भरतकामाचे रुमाल. माझ्या कंदिलाच्या उजेडात लोकांना चांगला रस्ता दिसत होता.

१४ नोव्हेंबर.
दुपारी मल्लव्वा ताट घेऊन आली. म्हणाली, काल लई गडबड हुती आप्पा. आज उरलं, तवा म्हटलं तुमाला द्यावं. दोन करंज्या, एक चकली.

तिच्यासमोर एक करंजी खाल्ली आणि म्हटले, छान मुरली आहे. ती गेल्यावर दुसरी खाल्ली.

मुरली नव्हती. शिळी होती.