बरणीतला गाळ

रवि., १४ सप्टें.
मंदारने सगळ्यांना गाडीत घालून जुना कालवा दाखवायला नेलं. घरापासून वीस मिनिटं. "बाबा, तुमच्या आवडीचं आहे." बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, आता पोराकडे अमेरिकेत आलो तरी कालवाच! हलवायाला पेढे दाखवावेत तसं. पण खोटं कशाला बोलू, जीव रमला. रेल्वे आली नि हा बंद पडला. मैलोन्‌मैल कोरडा, आत झाडं वाढलेली. गावातलं बंदर तेवढं दुरुस्त करून पाणी भरलंय. दगडी धक्का, लाकडी दारं, जुन्या पद्धतीची बोट. पूर्वी खेचरं ओढायची म्हणे. डेल नावाचे माझ्याच वयाचे गृहस्थ हौसेने माहिती सांगतात. शनिवारी जत्रा. बोट तरंगावी म्हणून पाणी फूटभर चढवणार.
सवयीने पाणी अडवणाऱ्या मातीच्या भरावामागे उतरलो. पायथ्याशी गवत नको तितकं हिरवं. हात लावला, ओल. झिरपतंय, पण स्वच्छ. स्वच्छ असेल तर चालतं.

सोम., १५
जेवताना मंदारला सांगितलं. "बाबा, इथे प्रोफेशनल्स असतात, रेग्युलर इन्स्पेक्शन होतं. तुम्ही रिलॅक्स करा ना." केलं रिलॅक्स. टीव्हीवर एक बाई तासभर भोपळा कोरत होती.

बुध., १७
सुनेला म्हटलं, केतकी, जरा कालव्यावर सोडतेस? सोडलं, वर काही विचारलं नाही. गुणी आहे. नात ईरा बरोबर. पाणी चढलेलं. पायथ्याशी आज ताकासारखं पाणी. म्हणजे भरावाच्या पोटातली माती वाहून येतेय. लोणच्याची रिकामी बरणी नेली होती, भरून घेतली. डेलना दाखवली. माझं इंग्रजी खात्यातलं. "सीपेज, सर. मडी. व्हेरी बॅड." ईराने नीट करून सांगितलं. डेल हसले. "ओह, दॅट स्पॉट्स ऑलवेज बीन वेट." पाठीवर थाप मारली. ती थाप ओळखीची. मीही मारायचो.

गुरु., १८
केतकी खिडकीतली बरणी ओतून टाकणार, तोच ओरडलो. बिचारी दचकली. माफी मागितली. तळाला दोन पेरं गाळ बसलेला. मंदारला दाखवला. "प्लीज बाबा, लोकांसमोर एम्बॅरस नका करू." पण शनिवारी त्याच भरावाखाली खाऊची दुकानं लागणार, पोरं खेळणार.
आजवर कुठे लिहिलं नाही, ते लिहितो. नामदेव पाटकरी. शेतांना पाणी सोडायचं काम त्याचं. एका संध्याकाळी घरी आला. "साहेब, पाणी गढूळ यायलंय." मी म्हणालो, उद्या बघू. पहाटे कालवा फुटला. माणूस गेलं नाही, पण अकरा जणांची उभी पिकं गेली. चौकशीत मी लिहून दिलं, पाटकऱ्याने कळवले नाही. तो निलंबित झाला. माझी बदली, पुढे बढती. त्याला कोणी विचारलंही नाही. लाज वाटते. तेव्हाही वाटायची, पण मुलाची फी, घराचे हप्ते… कारणं काय, ढीगभर.

शुक्र., १९
मंदार ऑफिसला निघाला होता. दारातच त्याला नामदेवचं सांगितलं. बॅग खाली ठेवून तो जिन्याच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "चला." रजा टाकली. या वेळी डेलशी तोच बोलला, मी बरणी हलवून दाखवली. डेल गुडघे टेकून बसले, पाणी ओंजळीत घेऊन बघत राहिले. उठले, दोन फोन केले, पाणी उतरवायला लावलं. "आय होप यू आर राँग, माय फ्रेंड." म्हटलं, "मी टू, सर."

शनि., २०
जत्रा झाली. दुकानं रस्त्यापलीकडे हलवलेली, बोट चिखलात बसलेली. लोक कुरकुरत होते. एका बाईने डेलना चांगलंच फैलावर घेतलं, ते ऐकून घेत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवारी इंजिनिअर येऊन खोदून बघणार. काहीच निघालं नाही तर? म्हातारा चळला म्हणतील. म्हणोत. भरावाखाली आज कुणी नव्हतं.

रवि., २१
खात्यातल्या एका जुन्या सोबत्याकडून नामदेवच्या मुलाचा नंबर मिळवला. इथे सकाळ, तिकडे संध्याकाळ. मुलाने उचलला. नाव सांगितलं. मग म्हणाला, "दादांना देतो. पण ऐकू कमी येतंय त्यांना, मोठ्यानं बोला."
घरात सगळे होते. ईरा टेबलाशी, केतकी ओट्यापाशी, मंदार दारात. हळू आवाजात उरकायचं ठरवलं होतं. तसं जमणार नव्हतं. मोठ्यानं बोललो. तू सांगितलं होतंस, मी खोटं लिहिलं. दोनदा सांगावं लागलं, पहिल्यांदा त्याला नीट ऐकू गेलं नाही. इथला पाझरही सांगितला. माफ कर म्हणालो, तेही ओरडूनच.
नामदेवने विचारलं, "पाणी उतरवल्यावर पाझर कमी झाला का?"
थोडा झाला, म्हटलं. उद्या खोदणार आहेत.
माफीबद्दल अवाक्षर नाही. "खोदल्यावर काय निघतंय ते कळवा," एवढं म्हणाला आणि फोन मुलाकडे दिला.