माळ्याखालची हाक

४ ऑक्टोबर १९९८, वैशाखरे
आले एकदाची! बालवाडीची नोकरी सोडून, कल्याणची खोली रिकामी करून, ट्रंक एसटीच्या टपावर टाकून. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला आणि नाव घ्यायला लावलं. उखाणा आठवेना, म्हणून सरळ "ज्ञानेश्वर" म्हणून मोकळी झाले. बाया हसून हसून लोळल्या. "शेरातली पोर, जीभ मोकली हाय," सासूबाई म्हणाल्या. हे मात्र मला नम्रता म्हणायलासुद्धा लाजतात. नुसतं "अगं ए". लाजाळूचं झाड मेलं!
घर शेताला लागूनच आहे. मागच्या दाराशी भात, भातापलीकडे बांबूचं बेट, मग डोंगर. मला फार आवडलं.

६ ऑक्टोबर
भात पिकायला आलंय आणि रानडुकरं रोज उतरतात. खातात मूठभर आणि लोळून आडवं करतात अख्खं खाचर. ह्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे. शेतात चार खांबांवर माळा बांधलाय, तिथे राखणीला बसतात. आज मला सगळे नियम ऐकवले, जणू मीच निघालेय शिकारीला. नुसत्या खसफशीवर बार टाकायचा नाही, बॅटरीत जनावर पुरतं दिसलं तरच. जखमी डुकराच्या मागे अंधारात जायचं नाही, सकाळी कुत्री घेऊन जायचं, कारण उलटलं तर मांडी फाडतं. आणि माळ्याकडे येणाऱ्याने बांधावरूनच कुकारा द्यायचा, तोंडाशी हात धरून कूऽऽ. वरून उत्तराचा कुकारा आला की मगच पुढे. नाव कुणी कुणाचं घ्यायचं नाही.
का, म्हणून विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "नावानं हाक मारली की रान ती ठेवून घेतं गो." मला हसू आवरेना.

९ ऑक्टोबर
दिवेलागणीला भाकरी घेऊन गेले. कुकारा द्यायला तोंड उघडलं तर घशातून नुसती हवा. वरून बंदुकीची नळी माझ्याकडे वळली. पाचावर धारण बसली! ओरडले, "ज्ञानेश्वर, मी आहे, मी! गोळी घालू नका!"
हे रागावले नाहीत. खाली उतरले, घरापर्यंत सोडलं. शेजारच्या माळ्यावरचा धर्मा एरवी माझी थट्टा करतो, आज त्याने मान फिरवली. एवढं काय झालं? जीव वाचवायलाच ओरडले ना?

१० ऑक्टोबर
सकाळी ह्यांनी विचारलं, काल पुन्हा कशाला आली होतीस? मी गेलेच नव्हते! बेटातून माझा आवाज आला म्हणे. तेच शब्द, तसाच घाबरलेला. मागोमाग भलंथोरलं डुक्कर बाहेर आलं, बॅटरीत पुरतं दिसलं. पण ह्यांना चाप ओढवेना. कसा ओढवेल? गोळी घालू नका, असं मीच ओरडत होते ना!
मी पाय धरले, आज जाऊ नका. पीक गेलं तर वर्षभर खायचं काय, म्हणाले.

१२ ऑक्टोबर
काल ते डुक्कर माळ्याच्या खांबाशी आलं. खांबाला अंग घासत माझ्या आवाजात बोलत होतं. धर्मानेही ऐकलं, तो माळा सोडून पळाला.
हे म्हणाले, आता आवाज आला की बार टाकणार. काही झालं तरी तू उंबरा ओलांडू नकोस. मी शपथ घातली, माझ्या आवाजाला उतरू नका. नाही उतरणार म्हणाले. परत येताना कुकारा देईन म्हणाले.
देवा, ह्यांना सांभाळ रे.

१३ ऑक्टोबर
दिवेलागण. दोन्ही दारांना कड्या. सासूबाई तांदूळ निवडतायत —
माझा आवाज. शेतातून. मी इथे तोंडात पदर कोंबून बसलेय आणि तिकडे मी ओरडतेय —
बार झाला.
आवाज थांबला. लागली! सासूबाईंनी हात जोडले. आता कुकारा येईल. आला की मी —
येत नाही.
अजून नाही.
मागच्या दाराशी पावलं. दाराला अंग घासतंय काहीतरी —
ह्यांचा आवाज. "नम्रता, मी आहे, मी! गोळी घालू नका!"
बंदूक तर ह्यांच्याच हातात होती. आणि हे मला नावाने कधीच —
सासूबाई उठल्या. लेकाचा आवाज तो. मी नको नको म्हणतेय, ऐकत नाहीत, कडीला हात —