बाईंच्या हाताखालच्या दोघी

बाई, तुमच्या ग्रंथालयात मी पुन्हा कामाला लागले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या तोंडी ते अजून तुमचंच ग्रंथालय आहे. तिथली प्रमुख आता ती आहे, चाकणजवळच्या निघोज्याची. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं काही लिहिताना जीव तिथेच अडकून राहील. सकाळी ती आत आली की मी खुर्चीवरून उठते. ती म्हणते, "आगं बस ना, मी काय पाहुणी हाय का?" मी तरी उठते, आणि उठताना तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघते. तुम्ही असतात तर ते तुमच्या लगेच ध्यानात आलं असतं. माझं असलं काही तुमच्या नजरेतून सुटायचं नाही, फक्त माझा हेवा तेवढा कसा सुटला, हे मला आजवर कळलेलं नाही. की दिसत होता, आणि तुम्ही बोलला नाहीत?

आम्ही दोघी तुमच्याकडे उमेदवारीवर आलो त्या एकाच आठवड्यात. कायमची जागा एकच होती, हे तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंत. माझे अप्पा भोसरीच्या एमआयडीसीत पत्रे दाबायच्या प्रेस शॉपला होते, बीडकडून आलेले. दिघीत आमच्या दोन खोल्या. ग्रंथालयशास्त्राची पदवी म्हणजे नेमकं काय, ते अप्पांना नीट समजलं नव्हतं, पण गल्लीत ते सांगत फिरत होते की पोरगी पुस्तकांची साहेब होणार. मला विद्यापीठात चांगला वर्ग मिळाला होता, वर्गीकरण तोंडपाठ होतं, आणि जागा मलाच मिळणार याबद्दल मला शंका नव्हती. तिची पदवी माझ्यासारखीच, गुण कमी. तिच्या घरची जमीन चाकणच्या कारखान्यांत गेलेली, आणि घरात तिच्या लग्नाची घाई चाललेली. ती सिक्स सीटर रिक्षाने यायची. केसांवर धूळ, ओढणी वाऱ्याने उडालेली, आणि दारातूनच विचारायची, "बाई, लई उशीर झाला व्हय?" तुम्ही घड्याळाकडे बघायचात आणि हसायचात. मी रोज वेळेवर यायचे. माझ्या वेळेवर येण्याला तुम्ही कधी हसला नाहीत.

दुपारी पहिली शिफ्ट सुटली की कामगार यायचे. त्यांच्यासाठी तुम्ही नळाजवळ साबणाची वडी आणि जाड पंचा ठेवला होता. हात धुतले तरी यंत्रांवरच्या कूलंटचा वास राहायचा, तो पुस्तकांनाही लागायचा. तिला सगळ्यांची नावं माहीत. कुणाची मुलगी दहावीला आहे, कुणाचा ओव्हरटाइम बंद झाला, कुणाला ऐतिहासिक कादंबरी हवी आणि कुणाला भुताची. "भाऊ, तुमच्यासाठी दाबून ठेवलीय ही," असं ती म्हणायची, आणि तो माणूस खुलायचा. मी देवघेवीच्या टेबलावर शिक्का मारत बसलेली असायचे. माझ्यासमोरची रांग नेहमी छोटी असायची. लोक मुद्दाम तिच्या रांगेत थांबायचे, आणि तुम्ही काचेच्या केबिनमधून ते बघायचात. मी तुम्हाला बघताना बघायचे.

म्हणून मी तो कपाटांचा उद्योग केला. गणपतीची सुट्टी होती, वाचक नव्हते, आणि मी एकटीने येऊन दर्शनी भागातली सगळी कपाटं उतरवून विषयाप्रमाणे, लेखकाप्रमाणे लावली. पाठ मोडून गेली. आधी तिथे कादंबऱ्या, चरित्रं, शेअर बाजार, आरोग्य असं सगळं एकात एक घुसलेलं होतं. मला वाटलं, सोमवारी तुम्ही याल, बघाल, आणि त्या घड्याळाकडे बघून हसता तसं हसाल. सोमवारी दुपारी एक काका आले, नेहमीच्या कपाटासमोर उभे राहिले, दोन फेऱ्या मारल्या, आणि काहीच न घेता जिना उतरून गेले. तुम्ही केबिनमधून बाहेर आलात.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"बाई, शास्त्राप्रमाणे तर असंच…"

"शास्त्र मला नको शिकवूस. तो माणूस उभ्याने पाळी करून इथे आला होता. रिकाम्या हाताने गेला. होतं तसं लाव सगळं. आणि कुठे काय हवं ते हिला विचार."

हिला विचार. बाई, बाकीचं मी केव्हाच विसरले असते. हॉलमध्ये दहा-बारा माणसं वर्तमानपत्रातून डोकी वर काढून बघत होती, तेही विसरले असते. पण ते दोन शब्द अजून जसेच्या तसे ऐकू येतात. आणि वर ती आली, ओढणी खोचून, "तू बस गं, मी लावते," म्हणत पुस्तकं उचलू लागली. ती हसली असती, टोमणा मारला असता, तर मला सोपं गेलं असतं. तिने तसं काहीच केलं नाही. उलट माझ्या हातातला गठ्ठा काढून घेतला आणि म्हणाली, "बाईंचं मनावर घिऊ नको." तुमच्या रागावण्याचं काय करायचं, हेसुद्धा मला तिच्याकडून शिकावं लागलं.

मग तो तुमच्या चिंचवडच्या घरचा रविवार. तुम्ही आम्हा दोघींना जेवायला बोलावलं होतं. तुमचं स्वयंपाकघर लहान, ओट्यावर नारळ खवलेला, तव्यावर घावन. बिडाचा तवा तुम्ही मालवणहून आणलेला, हे मला आठवतं, कारण तुम्ही ते तिला सांगत होतात. ती आत शिरली, तुमच्या हातातून उलथनं घेतलं आणि "तुमी बसा आता" म्हणाली. तुम्ही खरंच बाजूला झालात. मीही उठले, तर तुम्ही म्हणालात, "तू कुठे उठतेस? तू बस, तुला आयतं खायला बोलावलंय." मी स्टुलावर बसून आयतं खाते आहे. ताटात गरम घावन येतंय, चटणी येतेय, तुम्ही दोघी ओट्यापाशी एकमेकींना खेटून उभ्या आहात आणि घावनाच्या जाळीवरून हसता आहात. जेवण झाल्यावर माझं ताटसुद्धा तिने उचललं. दिघीपर्यंत बसमध्ये मला रडू येत होतं आणि कशामुळे ते सांगता आलं नसतं. जेवायला बोलावलं, पोटभर वाढलं, एका ताटालाही हात लावू दिला नाही, यात रडण्यासारखं काय आहे?

जागा तिला मिळाली. तुम्ही मला केबिनमध्ये बोलावून सांगितलंत, आणि लगेच म्हणालात की चाकणला एका मोठ्या कंपनीत तांत्रिक ग्रंथालय निघतंय, तिथे तुम्ही बोलून ठेवलंय. पगार इथल्यापेक्षा बराच जास्त होता. अप्पांनी पेढे वाटले. शेवटच्या दिवशी तुम्ही मला स्वेटर दिलात, राखाडी, कोरा, दुकानाच्या पिशवीतला. "तिथे एसी असतो दिवसभर, अंगात घाल," म्हणालात. आणि तिला, कायम झाल्याबद्दल, तुमची स्वतःची इरकली साडी दिलीत. मऊ पडलेली, तुमच्या कपाटातला वाळ्याचा वास असलेली. सगळे म्हणाले, बघ, हिला नवीन वस्तू आणि तिला वापरलेली. त्यांना काय कळणार? मला ती वापरलेलीच हवी होती.

चाकणच्या नोकरीबद्दल तक्रार करायला जागा नाही. मानकांची पुस्तकं, परदेशी नियतकालिकं, यंत्रांची माहितीपत्रकं, सगळं मी माझ्या पद्धतीने लावलं आणि कुणी काही बोललं नाही. बोलायला यायचंच कोण? इंजिनीअर फोनवर मागायचे, शिपाई नेऊन द्यायचा. इतकं नीटनेटकं ग्रंथालय तुम्ही पाहिलं नसेल, आणि इतकं गप्पही. माझं लग्न झालं, आम्ही पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला, मुलगा झाला. कुणी विचारलं तर मी तुमच्याकडे शिकले असं सांगायचे. त्यावर लोक हमखास म्हणायचे, "म्हणजे त्या निघोज्याच्या मॅडमबरोबर?"

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मला उशिरा कळलं. शहाळी घेऊन आले. दार तिनेच उघडलं. हातात फणी होती, तुमचे केस विंचरून झाले होते. "आत्ताच डोळा लागलाय गं," ती दबक्या आवाजात म्हणाली, "थांब थोडं." मी बाहेरच्या खोलीत बसले. आतून तुमच्या श्वासाचा आवाज येत होता. तिला घरातलं सगळं माहीत होतं. कपबशा कुठे, औषधं कुठे, पंख्याचं कुठलं बटण चालत नाही. मला ते बघवेना. मुलाची शाळा सुटेल असं सांगून मी निघाले. तुम्ही जाग्या झाल्यावर तिने तुम्हाला सांगितलं असणार की मी येऊन गेले. त्यानंतरच्या आठवड्यात तुम्ही गेलात. शोकसभेत ती बोलली आणि सगळा हॉल रडला. मी मागच्या रांगेत होते. मलाही रडू आलं, पण ते तिच्या बोलण्याने आलं, म्हणून पुसून टाकलं.

मागच्या वर्षी कंपनीने सगळं संगणकावर नेलं आणि ग्रंथालयाच्या खोलीत बैठकीची टेबलं आली. मला स्टोअर्समध्ये बसायला सांगितलं. मी राजीनामा दिला. नवरा म्हणाला, आता घरी आराम कर. आराम करायचा म्हणजे काय करायचं ते मला जमेना. तेवढ्यात तिचा फोन आला. तुमची कार्डांची सूची संगणकावर चढवायची होती, त्यावाचून अनुदान अडलं असतं. "मला न्हाई जमायचं. वर्षाच्या करारावर घ्यायची परवानगी हाय. येशील?" म्हणजे तिच्या हाताखाली. मी विचार करून सांगते म्हटलं, आणि नाही म्हणायचं ठरवूनच दुसऱ्या दिवशी भेटायला गेले. नाही म्हणताना तिचं तोंड बघायचं होतं.

जिना चढून आत गेले आणि दारातच थबकले. कपाटं विषयाप्रमाणे लागलेली होती. लेखकाप्रमाणे. मी गणपतीच्या सुट्टीत लावली होती अगदी तशी, फक्त प्रत्येक कपाटावर मोठ्या अक्षरांत पाटी.

"हे तू केलंस?" मी विचारलं.

"मी कशाला? बाईंनी. तू गेल्यावर म्हैन्याभरात. पाट्या मी लावल्या, लोकांना घावावं म्हणून." तिने चहा मागवला, कपाची कड बोटाने पुसत बसली. मग म्हणाली, "तुला एक सांगू? बाईंनी मला सुखानं बसू दिलं न्हाई कधी. एक कार्ड चुकलं की तुझं नाव. ती असती तर असं झालं नसतं. तिचं अक्षर बघ. तिची नोंद बघ. लई राग राग केला मी तुझा. तू कधी भेटायला आलीस की बाई दिवसभर खुश, आणि मी त्यांच्या ओट्यापाशी भांडी आपटायची."

मी विचारलं, "मग जागा तुला का दिली?"

"मीपण इचारलं होतं एकदा. म्हणल्या, तिला कुठंही नोकरी मिळंल, तुला हितं न्हाई मिळाली तर घरचे उजवून टाकतील." मग चहाकडे बघत म्हणाली, "म्हंजे कामाला मी दुसरीच होते, समजलं का? दया आली म्हणून पहिली."

बाई, तिचे डोळे भरले होते. एवढी वर्षं तिने ते कुणाला सांगितलं नसणार, आणि सांगितलं ते मला. मी तिचा हात धरायला हवा होता. मी म्हटलं, "अजून काय काय म्हणायच्या माझ्याबद्दल?" आणि ती सांगत गेली. एकेक करून सगळं सांगितलं, आणि मी पेढे खावेत तसं ऐकत गेले. जिना उतरताना माझे पाय जमिनीवर नव्हते. नाही म्हणायला गेले होते आणि सोमवारपासून येते असं सांगून आले.

म्हणजे तुम्ही आम्हा दोघींपाशी एकमेकींचं कौतुक केलंत आणि जिचं तिला काहीच दिलं नाहीत. हे तुम्हाला विचारायचं होतं, भांडायचं होतं, म्हणून लिहायला बसले. पण लिहिता लिहिता दिसतंय की तिला घरच्यांपासून सुटका हवी होती आणि मला पगार, ते दोन्ही तुम्ही बरोबर ओळखलंत. आम्हाला त्याहून काहीतरी वेगळं हवं होतं, आणि ते एकच होतं, आणि ते अर्धं करून देता येत नाही. आता आम्ही दोघी एका टेबलावर डबा खातो. ती मला वांग्याचं भरीत देते, मी तिला कार्डं कशी चढवायची ते शिकवते. ती लवकर शिकते, आणि चुकली की मी तुमचं नाव घेत नाही, एवढं पथ्य पाळते.

हे पत्र मी लिहून ठेवून देणार, दुसरं काय करणार. फक्त एवढं सांगते. जुने सभासद अजून येतात, आता निवृत्त झालेले, नातवंडांना घेऊन. तुमची आठवण काढतात. मग ती माझ्याकडे हात करून कौतुकाने सांगते, "ह्यापण बाईंच्याच हाताखालच्या." ते मान डोलावतात, मी हसून नमस्कार करते. बाई, त्या 'पण'ने मला अजून मिरच्या झोंबतात.