शिळ्या पाण्यातला पैलवान

ती. ताईंना,

तुमचे गुडघे जिना चढू देत आहेत असं धरून चालतो आणि नमस्कार करतो. साडूबुवांचा खोकला थांबला असेल. नसला तरी ते कबूल करणार नाहीत. मी ठीक आहे. पत्राचं कारण मासा.

तुमची धाकटी बहीण जाऊन तीन महिने झाले. तिचा निळा फायटर मासा (ती त्याला पैलवान म्हणायची; लांबी माझ्या करंगळीएवढी) तेव्हापासून माझ्या ताब्यात आहे, किंवा मी त्याच्या. दवाखान्यात जाण्याआधी तिने टाकीच्या काचेवर चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. दोन दाणे सकाळी, दोन संध्याकाळी. आरसा दोन मिनिटं दाखवावा, म्हणजे अंग फुलवून व्यायाम होतो. जोडीला दुसरा आणू नये, मारामारी होते. पाणी शिळं घालावं. बोलत राहावं.

ताई, मी एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली. नळाच्या पाण्यात औषध किती घालायचं ते मी बघत होतो. ‘शिळं’ हा शब्द मला लागला. आजारपणात लिहिताना चुकली असेल म्हणून मी पहिल्याच आठवड्यात सगळं पाणी उपसलं आणि नळाचं ताजं, टाकी भरून घातलं. तासाभरात पैलवान तळाशी आडवा. (खात्याविरुद्ध इतकी स्पष्ट तक्रार माझ्या नोकरीत कधी आली नव्हती.) माशांच्या दुकानात धावलो. दुकानदार म्हणाला, “काका, नळाचं पाणी दिवसभर बादलीत ठेवायचं, औषध उडून जातं. काकूंना माहीत होतं की.”

तेव्हा मला मोरीतली बादली आठवली. दोन वर्षं मी ती रोज सकाळी, शिळी म्हणून, ओतून देत होतो. धाकटीने कधी वाद घातला नाही. तिने दुसरी बादली शिवणयंत्रामागे लपवली होती, वर फडकं टाकून. ती भरलेलीच सापडली. त्या पाण्याने पैलवान वाचला. उरलेली अर्धी बादली मी अजून ओतलेली नाही. डासांसाठी फडकं घट्ट बांधलं आहे.

गेल्या आठवड्यात टाकीत पाण्यावर फेस दिसला. माझ्याच हाताचा साबण असेल, म्हणून चमच्याने काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असा चार दिवस काढला. शेवटी पुन्हा दुकान. “काका, तो बुडबुड्यांचं घरटं करतोय. मादीची वाट बघतोय.” मी म्हटलं, घरात मादी नाही हे त्याला कळत नाही का. दुकानदार म्हणाला, “कळत असेल. तरी करतात.” (या माणसाला दुकानापेक्षा मोठं काही चालवायला द्यायला हवं होतं.) पाचव्या दिवसापासून चमचा धुऊन डब्यात ठेवला आहे.

राहता राहिलं ‘बोलत राहावं’. आमच्या घरात हे खातं पूर्णपणे धाकटीकडे होतं, हे तुम्ही जाणताच. मी सकाळी त्याला पाण्याचं तापमान सांगतो. त्यानंतर आम्हा दोघांनाही काही सुचत नाही.

प्रकृतीला जपा. साडूबुवांना सांगा, आठवण काढली.

आपला,
(धाकटीच्या भाषेत) अहो

ता.क. मुख्य काम राहिलं. पैलवान माझ्या आवाजाला वर येत नाही, दाणे तळाशी कुजतात. तुमचा आवाज फोनवर हुबेहूब धाकटीसारखा येतो. मी पूर्वी चारदा फसलो आहे. तरी रोज सकाळी आठच्या सुमारास फोन करावा, मी तो टाकीजवळ धरीन. विषय कोणताही चालेल. भाजी कोणती आणली, एवढं सांगितलंत तरी पुरे.

आणखी एक ता.क. पैलवान व्यवस्थित जेवतो. माझी नुसती सावली पडली तरी वर येतो. वरचं खोडून पत्र नव्याने लिहिणार होतो, पण राहू दे. आठला जमत नसेल तर कधीही करा. फक्त मी उचलल्या उचलल्या ‘ताई बोलतेय’ असं सांगू नका.