चेसिस क्रमांक पुसणारा अज्ञात इसम मीच असल्याबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, चिंचखोरी,
ता. तुळजापूर, जि. धाराशिव.

अर्जदार : नबीलाल हुसेनसाब तांबोळी, वय ६४ वर्षे, धंदा – भांड्यांवर नावे टाकणे, रा. मुरूम, ता. उमरगा, जि. धाराशिव.

विषय : जप्त मोटारसायकलचा चेसिस क्रमांक खोडणारा ‘अज्ञात इसम’ स्वतःहून हजर होत असल्याबाबत, व सदर गाडी बेवारस वाहनांच्या लिलावातून वगळणेबाबत.

संदर्भ : १) दि. २५/११/२०२४ रोजीचा जप्ती पंचनामा.
२) ठाण्याबाहेरील फळ्यावरची लिलावाची सूचना, अनुक्रमांक ३१.

महोदय,

१. संदर्भ क्र. १ मध्ये असे लिहिले आहे की, सदर वाहनाचा चेसिस क्रमांक कोणीतरी अज्ञात इसमाने कानशीने घासून नष्ट केला. हे वाक्य अर्धे खरे आहे. कानस होती. परंतु इसम अज्ञात नव्हता. पंचनामा चालू असताना तो टेम्पोत पुढच्या सीटवर जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसला होता आणि पंचांपैकी एकाने त्याच्याकडे काडीपेटीही मागितली होती. तो इसम मी.

२. माझा धंदा सांगणे भाग आहे, कारण चूक धंद्यातूनच झाली. मुरूमच्या बाजारात गुंडप्पा यांच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी सेहेचाळीस वर्षे नावे टाकत आहे. आधी छिन्नी-हातोडीने, आता विजेच्या पेनने. लग्न, बारसे, वास्तुशांत, गुरुजींचा निरोप समारंभ, सगळी भांडी माझ्या हाताखालून जातात. तालुक्यात कोण कोणाचा मामा लागतो हे तहसील कचेरीपेक्षा मला जास्त पाठ आहे. माझ्या उस्तादांनी मला दोन नियम घालून दिले. पहिला, भांड्याने घर बदलले की जुने नाव साफ घासायचे आणि मगच नवे टाकायचे. एका भांड्यावर दोन मालक नांदत नाहीत. दुसरा, भांडे ज्याचे त्याच्याच घरात असेल तर त्या हयात माणसाचे नाव कधी पुसायचे नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. पहिला नियम पाळला म्हणून मला हा अर्ज करावा लागत आहे. दुसऱ्याबद्दल शेवटी लिहितो.

३. माझा मुलगा मुजीब, वय २९, गेट-ग्रिलच्या दुकानात वेल्डिंगचे काम करत होता. गुंडप्पा यांच्या गोदामात गोण्यांखाली एक जुनी मोटारसायकल पंचवीस वर्षे पडून होती. ती मुजीबने घेतली व कागद रीतसर आपल्या नावावर करून घेतले. मग चार वर्षे खपून त्याने तिची जुन्या जमान्यातल्यासारखी गाडी केली, माझ्या वडिलांच्या तरुणपणी डाक बंगल्यावर साहेब लोक घेऊन यायचे तशी. एका माणसापुरती कातडी सीट आणि खाली स्प्रिंगा. हँडलसाठी पाईपात वाळू ठासून तो तापवून वाकवला. पेट्रोलची टाकी त्याच्या आईच्या, म्हणजे माझी पत्नी जमिलाबी हिच्या, माहेरच्या पितळी हंड्याची केली आणि आतून कलई करून घेतली. हंडा कापताना मी कचरलो होतो. तीच म्हणाली, “नळाला पाणी यायलंय आता. हंडा काय डोक्यावर मिरवू व्हय? घे रे मुजीब, काप.” हंड्यावरचे तिचे नाव त्याने कापू दिले नाही. ते टाकीच्या उजव्या अंगाला आजही आहे, आपण पाहू शकता. मोटारसायकलीतले मला काही कळत नाही. मी पाईपाचे दुसरे टोक धरत होतो. माझ्या आयुष्यातली ती चार वर्षे सर्वांत सुखाची गेली, हे अर्जात लिहायचे नसते, तरी लिहिले आहे.

४. अशा हाताने केलेल्या गाड्यांचे मेळावे भरतात, हे मला मुजीबकडूनच कळले. मी विचारले होते, शर्यत असते का? तो म्हणाला, “तिथं पळवायची नसती अब्बा, नुस्ती उभी करायची. लोक बघत्यात.” सोलापूरच्या एका छोट्या मेळाव्यात गाडीला प्रमाणपत्र मिळाले. मग पुण्याच्या मोठ्या मेळाव्यात जागा मिळाली. निघायच्या दिवशी सकाळी मुजीब टेम्पो आणायला गेला होता. गाडी अंगणात पुसून ठेवलेली होती. मी तिच्याभोवती फिरत होतो. टाकीवर आईचे नाव, पण ज्याने जिवाचे रान करून गाडी केली त्याचे नाव कुठेच नाही, हे मला खटकले. हँडलच्या खाली, सांगाड्याच्या मानेवर, काही जुने आकडे ठोकलेले होते. मला वाटले, ही आधीच्या घराची खूण. भांड्याने घर बदलले आहे. मी कानस घेतली आणि नेहमीप्रमाणे आधी जागा साफ केली. मग तिथे ‘मुजीब नबीलाल तांबोळी, मुरूम’ असे नाव टाकले. इतके चांगले अक्षर माझ्या हातून आधी कधी आले नव्हते. त्याला सांगितले नाही. बघेल तेव्हा बघेल, म्हटले.

५. त्याने ते पुण्यात पाहिले. मेळाव्यात आमच्या गाडीभोवती लोक दाटीने उभे होते. दोन परीक्षक कागद घेऊन आले, एकाने वाकून मानेवर बॅटरीचा उजेड टाकला आणि विचारले, क्रमांक कुठे आहे? मुजीब वाकला. त्याने नाव वाचले, मग माझ्याकडे वळून घरच्या बोलीत विचारले, “अब्बा, ये तुम किए क्या?” महोदय, मी हसून हो म्हणालो. वर विचारलेही, कसे आले आहे? नावावरून अंगठा फिरवत तो म्हणाला, “अच्छा आया अब्बा.” परीक्षकांनी गाडी स्पर्धेत धरलीच नाही, हे मला पुढे कळले. त्यांचा नियम होता, त्यांचे बरोबर होते. मुजीबने मला सांगितले की आपला नंबर लागला नाही, गाड्याच लई भारी होत्या. मी ते खरे मानले आणि परतीच्या वाटेवर त्याचीच समजूत घालत बसलो.

६. जळकोटच्या अलीकडे आपल्या कर्मचाऱ्यांनी टेम्पो थांबवला. चोरीच्या मोटारसायकलींचा तपास चालू होता. कागदावर क्रमांक होता, सांगाड्यावर नव्हता. साहेबांनी विचारले, क्रमांक कोणी घासला? तेव्हा कुठे मला कळले की मी काय करून बसलो आहे. मी दार उघडून उतरू लागलो, तर मुजीबने बाहेरून दार दाबून धरले आणि मोठ्याने म्हणाला, “ठाऊक न्हाय साहेब. कुणी घासला ठाऊक न्हाय.” पंचनाम्यातला अज्ञात इसम इथे जन्माला आला. घरी आल्यावर तो मला एवढेच म्हणाला, “तुमी गप बसा अब्बा. तुमचं वय हाय का ठाण्यात बसायचं?” आणि मी गप बसलो. नऊ महिने गप बसलो. मुलाने बापाला वाचवायला खोटे सांगितले, त्याची शिक्षा त्याला देऊ नये. गप बसण्याचा गुन्हा माझा आहे.

७. नंतर मुजीबला चार वेळा चौकशीला बोलावणे आले. बाजारात लोक कुजबुजू लागले, दुकानमालकाने उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले. जानेवारीत तो हैदराबादला एका गॅरेजात कामाला गेला. फोन येतो. तब्येत विचारतो, आईची गोळी विचारतो. गाडीचा विषय काढत नाही. रागावला असता, चार शब्द बोलला असता, तर मी ते झेलले असते. तो बोलत नाही, हेच मला सहन होत नाही. अंगणात जिथे गाडी उभी असायची तिथे तेलाचा डाग आहे, जमिलाबी झाडताना तेवढा तुकडा सोडून झाडते.

८. मागील सोमवारी फळ्यावर सूचना वाचली. दि. २९ रोजी ४७ बेवारस वाहने भंगार म्हणून वजनावर विकली जाणार आहेत. अनुक्रमांक ३१ : ‘मोटारसायकल, बनावट अज्ञात, टाकी पितळी, चेसिस क्रमांक नाही.’ बेवारस या शब्दाला माझी नम्रपणे हरकत आहे. तिच्या टाकीवर आईचे नाव आहे, मानेवर मुलाचे आहे, आणि बाप आठ दिवस आपल्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसून आहे. हवालदार सिद्धाराम यांनी माझी विचारपूस केली, “चाचा, रोज येऊन काय करलालाव? आकडा आणा, गाडी न्या. नाव काय कामाचं?” त्यांचे काही चुकले नाही. त्या शब्दांमुळेच मला पुढील उपाय सुचला.

९. ठोकलेले अक्षर वरून घासले तरी खालचा धातू दबलेला राहतो. जुने नाव घासलेले पितळी भांडे चिंच-मिठाने चोळत राहिले तर पुसलेल्या मालकाचे नाव पुन्हा अंधुक वर येते, हे मी किती वेळा पाहिले आहे. लोखंडाला चिंच पुरणार नाही, तेजाब लागेल. कंपनीचे आकडे खोल ठोकलेले होते, माझे अक्षर वरवरचे आहे. मात्र आकडे वर आणायचे तर आधी मुजीबचे नाव मुळापासून घासावे लागेल. मुजीब हयात आहे, गाडी त्याची आहे. उस्तादांचा दुसरा नियम तो हाच. आकडे आले नाहीत तर नावही गेलेले असेल आणि गाडीवर कोणाचेच काही राहणार नाही, हे मला समजते. तरीही मी तयार आहे.

तरी विनंती की, पंचनाम्यात ‘अज्ञात इसम’ या जागी माझे पूर्ण नाव लिहावे. गाडी २९ तारखेच्या लिलावातून बाजूला ठेवावी. आणि आपल्यासमोर, पंचांसमोर, मला गाडीपाशी एक तास बसू द्यावे. कानस व तेजाब मी आणीन. मग जी कारवाई व्हायची ती माझ्यावर व्हावी. गाडी सुटली तर हैदराबादला फोन आपल्या ठाण्यातून कोणी करावा, ही जास्तीची विनंती आहे. माझ्या तोंडून त्याला खरे वाटणार नाही.

आपल्या दप्तरी आजवर अज्ञात असलेला,
आपला नम्र,

(सही)
नबीलाल हुसेनसाब तांबोळी
मुरूम, दि. १८/०८/२०२५

सोबत जोडले आहे :
१) गाडीच्या कागदांची झेरॉक्स प्रत.
२) सोलापूरच्या मेळाव्यातील प्रमाणपत्राची प्रत.
३) वापरलेली कानस, एक नग, कापडात गुंडाळून.
४) नमुन्यादाखल पितळी तांब्या, एक नग. मुजीबच्या जन्मानंतर यावर मी छिन्नीने त्याचे नाव टाकले होते. काल ते घासून पूर्ण पुसले आणि चिंचेने परत आणले. अक्षरे फिकट आली आहेत, पण वाचता येतात.